चाळीसपर्यंत खरं मोज

यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, पण मी, लेगवाने गावचा सेवेरियान, एका गोष्टीबद्दल सव्वीस वर्षं एक अक्षर बोललो नाही.

आमच्या गावात हे सांगितलं तर लोक पोट धरून हसतील. एका गोळीत मी सात बदकं पाडली आणि आठवा मासा निघाला, हे त्यांना चालतं. माझं गाढव धुक्यात हरवलं आणि वसंतात अंगावर शेजारच्या देशाचा शिक्का घेऊन परत आलं, हेही चालतं. पण सेवेरियान गप्प बसला? छे! असली थाप पचवायला पोट घोड्याचं हवं.

तरी सांगतो.

एल्गुजाचं वर्षाचं जेवण आम्ही आमच्या गावात घातलं. माणूस राजधानीचा, तिबिलिसीचा; त्याला पुरलंही तिथेच. पण पंचवीस वर्षं दर शरदात तो आमच्याकडे येत होता, म्हणून गावातल्या दोमनानं हट्टच धरला की एक मेज इथेही मांडायचं. द्राक्षं उतरवून झाली होती. तिच्या अंगणात अक्रोडाच्या झाडाखाली लांबलचक मेज, त्यावर राजमा, मासे, आंबट आलुबुखाराची चटणी, मधात शिजवलेले गहू. मेजाला तमादा लागतो. तो बोलतो आणि मग बाकीचे पितात. तमादा अर्थातच मी. एकोणऐंशीव्या वर्षी माझे गुडघे गेले, कान गेले, जीभ तेवढी जागेवर आहे.

मी खिशातून माझा चमचा काढला आणि सुरईवर टकटक केली.

"सेवेरियान, आज तरी अस्वल नको," शाळेत गणित शिकवून म्हातारा झालेला जुंबेर लगेच ओरडला. "गेलेल्या माणसाचं जेवण आहे."

"मी नव्हतो आणणार. तूच हाक मारलीस, आता आलंच बघ ते."

या चमच्याच्या वाटीला मागून दोन पोचे आहेत, त्यामुळे आत गुंजेएवढे दोन उंचवटे आलेत. वरच्या कड्यावर मी राजमा खात बसलो असताना एक अस्वल आलं, ताटलीत तोंड घातलं आणि माझा चमचा दातात धरला. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ते. दुपारपर्यंत ओढाओढ चालली. शेवटी अस्वलालाच लाज वाटली, ते चमचा सोडून निघून गेलं. जाताना उरलेला राजमा मात्र घेऊन गेलं. ही गोष्ट गावातल्या तान्ह्या पोरालाही पाठ आहे.

"अस्वलबिस्वल काही नाही," दोमना राजम्याचं भांडं ठेवत म्हणाली. "तिनातिननं तो तुझ्या टाळक्यात घातला होता. पोचे तुझ्या टाळक्याचे आहेत."

तिनातिन म्हणजे माझी बायको; देव तिला सुखात ठेवो, तिचा नेम चांगला होता. सगळे हसले. मेजाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली मारेखीसुद्धा हसली. एल्गुजाची एकुलती एक मुलगी. सकाळच्या मिनीबसनं आली होती, मांडीवर बापाची चामड्याची पिशवी घेऊन बसली होती. तिचं हसू थेट बापाचं होतं: आधी डोळ्यांत, मग बऱ्याच वेळानं तोंडावर.

आम्ही उठलो, पावाच्या तुकड्यावर वाइनचे थेंब टाकले. अशा मेजावर पेल्याला पेला लावत नाहीत. "देव त्याला क्षमा करो," सगळे म्हणाले. मीही ओठ हलवले. आवाज काढला नाही. कोणी कोणाची क्षमा मागायची, याचा माझ्या मनात जरा गोंधळ होता.

मग ज्याची त्याची आठवण सुरू झाली. तरुणांसाठी मी सांगितलं की एल्गुजा कोण होता. मोठं सैन्य आपल्या देशातून गेलं तेव्हा जाताना मागे काय काय टाकून गेलं. बराकीत, प्रयोगशाळांत, डोंगरावरच्या रेडिओच्या खोपट्यांत बोटाएवढ्या धातूच्या कुप्या राहिल्या. दिसायला काही नाही, पण उघड्यावर जवळ बसलं तर माणूस आतून जळतो. दुष्टाच्या हाती पडली तर शहरातला एखादा चौक वर्षानुवर्षं ओस पाडता येतो. कोणाच्या यादीत त्या नव्हत्या, कोणाला त्या आपल्या म्हणायच्या नव्हत्या. हा माणूस तीस वर्षं किरणं मोजणारी पिवळी पेटी गळ्यात अडकवून देशभर पायी फिरला, एकेक कुपी शोधून कुलपात घातली. "माझं काम रखवालदाराचं," तो म्हणायचा. "फरक इतकाच, की मला आधी वस्तू शोधावी लागते."

"आणि पेन्सिलनंच लिहायचे," जुंबेर म्हणाला. "थंडीत शाई गोठते म्हणून. आमच्या शाळेची जमीन तपासायला आले, जमीन चांगली निघाली, पण फळ्यावरचं माझं गणित चुकलेलं निघालं. पोरांसमोर काही बोलले नाहीत. जाताना कानात सांगितलं."

"माझ्या गाईचं दूध दर वर्षी तपासायचे," दोमना म्हणाली. "कागद लिहून द्यायचे. अजून ठेवलेत मी. ‘दूध स्वच्छ. गाय रागीट.’"

हशा पिकला. हे सगळं खरं होतं, आणि खऱ्यावरही लोक इतकं हसतात हे बघून मला थोडा मत्सरच वाटला. म्हणून मी सांगितलं की एल्गुजानं यंत्र लावलं की डोंगर आपणहून बाजूला सरकायचा. मेज खुशीत आलं. माझी जीभ सैल सुटली होती, आणि तेवढ्यात मारेखी उभी राहिली.

"सेवेरियानकाका," ती म्हणाली, "मला एक विचारायचं आहे. त्यासाठीच आले मी."

तिनं पिशवीतून एक वही काढली.

"बाबांचं रक्त बिघडलं. कशामुळे, ते डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत. पण त्यांनी विचारलं की कधी किरणांची जास्त मात्रा अंगावर घेतली होती का. वहीत एकच जागा सापडली. तुमचा वरचा कडा. नियम असा की कुपीजवळ एका माणसाला चाळीस सेकंदांची एक पाळी. बाबांनी सहा घेतल्या. मी त्यांना विचारलं, सहा का? म्हणाले, माणसं उरली नव्हती. का नव्हती? म्हणाले, नऊ दिवस चुकीच्या घळईत फिरलो. कोणी नेलं? तर म्हणाले, झोपू दे मला आता."

तिनं वही उघडून वाचलं. "‘वाटाड्या: सेवेरियान. खालची घळई सांगणारा:’ आणि पुढे कोरं. बाबांच्या सगळ्या वह्यांत ही एकच कोरी जागा आहे, काका. ते कोंबडीचंसुद्धा नाव लिहायचे. तुम्ही तेव्हा त्यांना म्हणाला होतात की तुम्हाला कोणीतरी सांगितलं, पण नाव सांगणार नाही. मला भांडायचं नाहीये कोणाशी. ती जागा भरायची आहे फक्त. कोण होता तो?"

तिच्या हातात पेन्सिल होती. बापाचीच असणार, चाकूनं टोक काढलेली.

आता तुम्हाला सांगतो, मेजाला नाही. तो ‘कोणीतरी’ कधी नव्हताच.

त्या हिवाळ्यात गावात वीज नव्हती, काडतुसं नव्हती, मीठसुद्धा मोजून घालत होतो. मी शिकारीला वरच्या कड्यावर गेलो आणि सैन्याचं सोडलेलं खोपटं सापडलं. आत एक जाड भांडं, अख्खं शिशाचं. शिसं म्हणजे छर्रे, शिसं म्हणजे जाळ्याची वजनं. कुऱ्हाडीनं झाकण फोडलं तर आत बोटाएवढी कुपी, निखाऱ्यासारखी गरम. मला वाटलं, काहीतरी चूल असेल सैनिकांची. चिमट्यानं उचलली, बाहेर बर्फात फेकली आणि शिसं घसरगाडीवर बांधून घरी आणलं. तिनातिनच्या चुलीवर ते वितळवलं. छर्रे केले आणि जाळ्याची वजनं ओतली. त्यातली काही किरिलेला दिली, दोमनाच्या नवऱ्याला. माझा जिवाचा दोस्त. त्याला म्हणालो, एका ट्राउट माशाच्या पोटातून निघाली. तो म्हणाला, "मासा बराच आजारी असणार." एवढंच. पुढे विचारलं नाही.

महिन्याभरानं एल्गुजा धरून अकरा माणसं आली. त्याच्याजवळच्या जुन्या कागदावर आमच्या डोंगरात एक खोपटं होतं, पण कुठल्या अंगाला ते नव्हतं. किरिलेच्या अंगणात त्याला जाळ्याचं शिसं दिसलं. उचललं, हातात फिरवलं, यंत्र लावलं. "हे कुठलं?" मी शेजारीच उभा होतो. किरिलेनं माझ्याकडे एकदा पाहिलं, एकदाच, आणि म्हणाला, "नदीत सापडलं."

मग एल्गुजा माझ्याकडे वळला. "तुम्ही सगळे कडे हिंडता म्हणतात. खोपटं कुठे आहे?"

सैन्याच्या मालाला हात लावला म्हणून त्या काळी माणसं उचलून नेत. मला कोठडी दिसली आणि तिच्या दाराशी भाकरी घेऊन उभी तिनातिन दिसली. मी म्हणालो, "एका माणसानं सांगितलंय, खालच्या घळईत आहे. नाव नाही सांगणार." आणि थांबायला काय हरकत होती? पण जीभ माझी. मी हेलिकॉप्टर घातलं त्यात. पेटी खाली सोडताना दोर तुटला, तीन दिवस दरी गुणगुणत होती, असलं काय काय. तो सगळं लिहून घेत होता.

नऊ दिवस मी त्यांना त्या घळईत फिरवलं. त्यांचा पाव खाल्ला. कमरेइतक्या बर्फात त्यांना अस्वलाची गोष्ट सांगून हसवलं. तिघांच्या पायांची बोटं गेली, दोघांना ताप चढला, एक घसरून खांदा मोडून बसला. एकेक करून स्लेजवरून खाली पाठवले. दर वेळी मला वाटायचं, आता सांगू. दर वेळी एल्गुजा म्हणायचा, "तुमची वाट चांगली आहे, सेवेरियान, आमचेच पाय शहरी."

नवव्या दिवशी त्यानं वही मिटली. "उद्या वरच्या कड्यावर जाऊ." त्यानं माझ्याकडे न बघता पेन्सिल खिशात घातली, मी दोर गुंडाळायला घेतला.

वर गेलो तर पांढऱ्याशुभ्र बर्फात एक काळं वर्तुळ, ओली माती, वाफ निघतेय आणि मधोमध हिरवं गवत. जानेवारीत गवत! इतकं सुंदर आणि इतकं वाईट मी आयुष्यात काही पाहिलं नाही. माणसं उरली होती पाच, आणि काम अकरांचं. खोदायचं, लांब चिमट्यानं धरायचं, उचलायचं, नव्या भांड्यात घालायचं, झाकण आवळायचं. चाळीस सेकंद झाले की सोडून पळायचं आणि दुसऱ्यानं जायचं. घड्याळ बंद पडलं होतं थंडीनं. मला खडकामागे उभं करून तो म्हणाला, "तू मोज. मोठ्यानं. पण हे बघ सेवेरियान, गोष्टीतल्यासारखं नाही. चाळीसपर्यंत खरं मोज."

मी खरं मोजलं. देवाशप्पथ, जन्मात तेवढंच. पाचही जणांच्या पाळ्या संपल्या तरी झाकण बसलं नव्हतं. बाकीच्यांना त्यानं खडकामागे बसवलं आणि एकटा परत गेला. मी मोजत राहिलो. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. सहाव्यांदा तो आला तेव्हा चाळिसाच्या आकड्यावर माझा आवाज फुटला, आणि त्याला वाटलं मी थकलो. पाठीवर हात ठेवून म्हणाला, "छान मोजलंस."

हे सगळं सांगायला इथे जेवढा वेळ लागला, तेवढा मेजावर लागला नाही. मेजावर मारेखी उभी होती आणि पेन्सिल वहीवर टेकलेली होती. एक शब्द पुरे होता. ‘मी.’ सात बदकं, मासा, गाढव, अस्वल, सगळं ज्या तोंडातून निघालं, त्यातून हा एवढासा शब्द निघेना.

"काका?"

मी पेल्यात बघितलं. नऊ दिवसांची गोष्ट सांगितली, बर्फ, ताप, मोडका खांदा, काळं वर्तुळ, माझं मोजणं. सगळी खरी. बायका डोळे पुसत होत्या. जुंबेरनं टोपी काढली होती. जन्मात पहिल्यांदा लोक माझं बोलणं अक्षरन् अक्षर खरं मानत होते. आणि मग त्या खऱ्याच्या टोकाला मी एक शब्द लावला.

"किरिले," मी म्हणालो. "शिसं त्यानंच काढलं होतं. त्याच्या अंगणात, जाळ्याला लावलेलं, एल्गुजाला ते दिसलंही होतं. घाबरला बिचारा. त्यानंच मला खालची घळई सांगितली. मी वाटाड्या, मला काय माहीत?"

किरिलेला जाऊन चार वर्षं झाली होती. मेलेला माणूस उलट बोलत नाही. थापाड्याला याहून सोयीचं काय? पण मला विसर पडला होता, की मी त्याच्याच अंगणात, त्यानं लावलेल्या अक्रोडाखाली, त्याच्या बायकोनं शिजवलेला राजमा खात बसलोय.

दोमनाच्या हातात पाव होता. तिनं तो ताटलीच्या कडेला ठेवला. अगदी हळू, जणू पाव झोपलाय.

"किरिले?" ती म्हणाली. कोणालाच नाही, पावाला.

"जाऊ दे गं दोमना," जुंबेर पुटपुटला. "दिवसच तसे होते. कोणी मुद्दाम करत नाही."

शेजारच्या दोन बायका तिच्यापासून अंगुळभर सरकल्या. फक्त अंगुळभर. मी पाहिलं ते. मारेखीनं मान हलवली, वहीवर वाकली आणि त्या कोऱ्या जागेत ‘कि’ लिहिलं. मग थांबली.

"मावशी, रागावू नका," ती दोमनाला म्हणाली. "बाबाही रागावलेले नव्हते. त्यांच्या पेन्सिलींच्या डब्यात हे होतं. तुमच्या जाळ्यावरचं होतं म्हणतात ना काका? मग हे तुमचंच." तिनं पिशवीच्या तळातून कागदाची पुडी काढली. "वर बाबांनी लिहिलंय, ‘ज्याचं त्याला परत.’"

पुडीत शिशाचा एक तुकडा होता. बदामाच्या आकाराचा, एका अंगानं फुगीर, दुसऱ्या अंगानं सपाट. दोमनानं तो तळहातावर घेतला, उलटा केला, सुलटा केला. फुगीर अंगावर तिचा अंगठा फिरला आणि एका जागी अडला. मग परत अडला.

आणि तेव्हा मला आठवलं. दर शरदात, दुधाचं मोजून झालं, गाईनं लाथ मारून झाली, की एल्गुजा माझ्या ओट्यावर येऊन बसायचा. "सेवेरियान, अस्वलाची सांग." मी सांगायचो. तो चमचा मागून घ्यायचा, मांडीवर ठेवायचा आणि माझी गोष्ट संपेपर्यंत त्या दोन उंचवट्यांवरून अंगठा फिरवत राहायचा. शेवटी विचारायचा, "एवढंच? आणखी काही नाही सांगायचं?" मला वाटायचं, माणसाला गोष्ट फारच आवडते. म्हणून पुढच्या वर्षी मी अस्वल थोडं मोठं करायचो. पंचवीस वर्षांत ते घराएवढं झालं होतं.

"सेवेरियान," दोमना म्हणाली, "तो चमचा दे इकडे."

मी तो खिशात टाकू शकलो असतो. खाली पाडू शकलो असतो, कुत्र्यानं पळवला म्हणू शकलो असतो. मेजाखाली कुत्रा होताही. मी हात पुढे केला. पेले होते तिथेच थांबले. मारेखी पेन्सिल धरून बघत होती.

दोमनानं शिशाचा तुकडा चमच्याच्या वाटीत ठेवला. बोटानं थोडा फिरवला. तो खाली बसला, असा, की मध्ये केसभर फट राहिली नाही. त्या हिवाळ्यात मी वजनं ओतली होती ती याच चमच्यात. मग तिनं चमचा उचलून धरला, मेजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना दिसेल असा.

"त्या बिचाऱ्याला कशाला उठवतोस थडग्यातून?" ती मोठ्यानं म्हणाली. "हे दात तुझ्या अस्वलाचे आहेत."